जपानी ‘मागे’ डोक्यावर असतो

सांगलीत गेली बावीस वर्षं माझं पार्लर आहे. लग्नसराईत एका दिवसात चार-चार नवऱ्या तयार केल्या आहेत. त्यामुळे कुठल्याही गावाला गेले की मला आधी तिथल्या बायकांचे अंबाडे दिसतात, देऊळ-बिऊळ नंतर. लेक ओसाकाला नोकरीला लागून तीन वर्षं झाली. तिचं “आई, ये ना” चालू होतं आणि माझं “सीझन संपू दे.” मग एकदा तिने फोनवर फोटो पाठवला. बायकांची रांग रस्त्याने चाललेली आणि प्रत्येकीचं डोकं वेगळ्या शतकातलं. खाली लिहिलेलं, ‘सप्टेंबरचा चौथा सोमवार. क्योतो. कंगव्यांचा सण.’ त्याच संध्याकाळी मी पासपोर्ट शोधून काढला.

व्हिसा, तिकिटं, खोल्या सगळं लेकीने पाहिलं, त्यामुळे त्यातलं मला काही विचारू नका.

पहिला दिवस, रविवार

ओसाकाहून क्योतो गाडीने अर्धा तास. महिना संपत आला तरी हवा चिकट, गौरी-गणपतीनंतर कोकणात असते तशी. लेक म्हणाली, आधी सामान टाकू. मी म्हटलं, आधी दोर बघू.

हा दोर हिगाशी होंगान्जी देवळात आहे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत. १८६४ च्या आगीत हे देऊळ जळालं. १८८० मध्ये पुन्हा बांधायला घेतलं ते १८९५ मध्ये पुरं झालं. ओंडके इतके अवजड, की ओढताना साधे दोर तुटायचे आणि माणसं जायची. तेव्हा गावोगावच्या भाविक बायकांनी केस कापून दिले. त्या केसांत तागासारखे धागे मिसळून दोर वळले, एकूण ५३. सगळ्यांत मोठा ११० मीटर लांब आणि जवळजवळ एक टन वजनाचा होता. दोन मुख्य मंडपांच्या मधल्या वाटेत काचेआड जो वेटोळं करून ठेवलाय, तो त्यामानाने लहान. ६९ मीटर लांब, ३७५ किलो.

मी गंगावनं विकते. मूठभर केसांचं वजन किती, हे माझ्या हाताला कळतं. शंभर ग्रॅमचं एक गंगावन धरलं तर इथे पावणेचार हजार गंगावनं झाली. त्यातले धागे वजा केले तरी माझ्या अख्ख्या आयुष्याच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त. रंग काळा राहिलेला नाही, जुन्या सुंभासारखा झालाय.

लेक घाई करत होती, मी हलेना. त्या काळी जपानी बाईने केस कापणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. समुराई घराण्यांत नवरा गेल्यावर बायका केस कापत. म्हणजे कापलेले केस दिसले की लोकांनी काय ते ओळखायचं. आणि इथे बायकांनी आपण होऊन कापून दिले. माझ्या पणजीचे केस गेले ते तिला न विचारता. घरात तिचा एकच फोटो आहे. फोटो काळापांढरा, पण आलवण लाल होतं हे आजी दर वेळी सांगायची, जणू आम्ही विसरू.

जाणाऱ्यांसाठी: प्रवेश फुकट आहे. बूट काढून पिशवीत घालून सोबत न्यायचे असतात. मोज्यांना भोक नसलेलं बरं. माझ्या होतं.

संध्याकाळी गेस्टहाऊसच्या सत्तरीतल्या मालकीणबाईंनी ओहागी दिले. चिकट भाताचा मुटका आणि त्यावर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. दिवसरात्र समान होतात त्या आठवड्याला इथे ओहिगान म्हणतात. पितरांच्या थडग्यांवर जायचं, ओहागी करायचे. आपल्या पितृपक्षाच्याच सुमाराला. माझा धंदा कळल्यावर बाई आतून एक लाकडी ठोकळा घेऊन आल्या. वर सुरळीसारखी छोटी उशी बांधलेली. त्यांच्या आजीची उशी होती ती. बांधलेले केस मोडू नयेत म्हणून मानेखाली घ्यायची, डोकं अधांतरी. मैको, म्हणजे शिकाऊ गेइशा मुली, अजूनही अशाच उंच उशीवर झोपतात, कारण एकदा बांधलेली केशरचना जवळजवळ आठवडाभर टिकवायची असते. मी हौसेने ती उशी मागून घेतली. रात्री दोनला जमिनीवर ठेवली. मान मंगळवारपर्यंत डावीकडे वळत नव्हती.

दुसरा दिवस, सोमवार

सण यासुई कोन्पिरागू या छोट्या देवळात असतो, गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीच्या अगदी कडेला. दुपारी एकच्या सुमाराला सुरू होतो. आम्ही अकरालाच पोचलो ते बरं झालं. आवारात एक मोठा दगड आहे, चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून पार झाकलेला. त्याच्या भोकातून एका बाजूने रांगत गेलं की वाईट नाती तुटतात आणि परत रांगत आलं की चांगली जुळतात. पोरी रांग लावून गुडघ्यांवर जात होत्या. “तू जा,” मी म्हटलं. लेक म्हणाली, “कुठल्या बाजूने?” मी पुढे काही विचारलं नाही.

बाजूलाच कुशीझुका आहे, म्हणजे कंगव्यांची समाधी. जुने, दात पडलेले कंगवे आणि केसांचे आकडे लोक इथे आणून देतात. त्यांचे आभार मानून पूजा होते. हा सण १९६१ पासून चालू आहे आणि तो सोमवारी का, तर इथल्या पार्लरांची सुट्टी सोमवारी असते. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. गर्दीतल्या निम्म्या पोरींच्या बोटांवर डाय होता. मी माझा जुना शेपटीचा कंगवा नेला होता, १९९९ पासूनचा, प्लॅस्टिकचा. लाकडाचेच घेतात की काय ही धाकधूक होती. घेतला. स्वीकारणाऱ्या माणसाने तो दोन्ही हातांनी घेऊन मान लववली. मला उगाच भरून आलं.

मग मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे कोफुन काळच्या, म्हणजे दीडेक हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांच्यामागून हेइआन काळच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या सरदारणी, ज्यांच्यात बांधणं-बिंधणं काही नाही. पाठीवरून सरळ जमिनीकडे जाणारे मोकळे केस. तेव्हा बाईचं रूप केसांच्या लांबीवर मोजत. तांदळाच्या धुवणाने केस धुवायचे, त्यात अख्खा दिवस जायचा आणि तोही मुहूर्त बघून. आपल्याकडे अमुक वारी न्हाऊ नये असं असतं, ते आठवलं.

पण माझा जीव अडकला तो एदो काळात. १६०३ ते १८६८. जपानी केशरचना (निहोंगामी) म्हणून आपण चित्रांत जी बघतो, ती इथली. डोक्याचे भाग पाडायचे. कपाळावरचा माएगामी, कानांवरचे दोन बिन, मानेवरचा ताबो आणि टाळूवरची गाठ, तिला म्हणतात मागे. हे मी लेकीकडून तीनदा विचारून घेतलं. मागे वर असतो आणि मागे असतो तो ताबो! एका डोक्यावर बिन इतके पसरट होते, की कडेच्या केसांतून पलीकडचं दिसत होतं, जाळीच्या कंदिलासारखं. त्याला नावही कंदिलावरूनच आहे, तोरोबिन. पूर्वी आत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीचा आधार घालत. आमच्याकडे स्टफिंग आणि अर्धा डबा स्प्रे.

आणि हे सगळे स्वतःचे केस, टोप नाहीत. हीच या मिरवणुकीची अट. मुली वर्षभर केस वाढवतात.

माझ्या शेजारी एक बारीक चणीच्या आजी उभ्या होत्या. सासूच्या हाताखाली चाळीस वर्षं केस बांधायचं काम केलेल्या. लेक मध्ये दुभाषी. त्या प्रत्येक डोक्याकडे बघून पुटपुटायच्या, “कुमारिका. लग्न झालेली. शेटाची बायको. ही नाचणारी.” मी विचारलं, चेहरा न बघता? त्या म्हणाल्या, चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं? त्यांनी सांगितलेलं मी तिथेच तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. मोमोवारे, म्हणजे चिरलेल्या पीचसारखी गाठ, ती कोवळ्या पोरींची. शिमादा लग्नाआधीची. मारुमागे, गोल गाठ, लग्नानंतरची, नवी नवरी असली की मोठी आणि वय वाढेल तशी लहान. नवरीची सगळ्यात उंच, बुन्किन ताकाशिमादा. ती आता बहुतेक टोपाचीच असते. तिच्यावर पांढरी पट्टी बांधतात, नाव ‘शिंगं झाकणारी’. सासरी जाताना मत्सराची शिंगं झाकून न्यायची म्हणे. नवऱ्यासाठी तशी पट्टी आहे का, असं मी विचारलं. लेकीने भाषांतर करायला नकार दिला.

मला वाटलं होतं हे सगळं कौतुकाचंच असणार. पण आजींनी स्वतःच्या डोक्यावरची एक जागा दाखवली. टाळूवर रुपयाएवढी गुळगुळीत. वर्षानुवर्षं गाठ ओढून बांधली की तिथले केस जातात. तरुणपणी मॉडेल म्हणून सासू त्यांच्याच डोक्यावर हात साफ करायची. मैकोंनाही हे होतं. पार्लरवाल्या कुणालाही विचारा, घट्ट पोनी बांधणाऱ्या पोरींच्या कपाळाचं पुढे काय होतं ते.

एदोनंतरच्या मेजी काळातल्या बायका आल्या तेव्हा टाळ्या कमी पडल्या, पण मला त्या आवडल्या. १८७१ मध्ये पुरुषांना शेंडी कापायची मोकळीक मिळाली. ते बघून काही बायकांनीही केस कापले, तर पुढच्याच वर्षी तोक्योत बायकांच्या केस कापण्यावर बंदी आली. पुरुषाने कापले की सुधारणा, बाईने कापले की बंदी. मग १८८५ मध्ये एक डॉक्टर आणि एक अर्थविषयक लिहिणारा पत्रकार यांनी मिळून मंडळ काढलं. निहोंगामी त्रासदायक आहे, घाण आहे आणि महाग आहे, तेव्हा बायकांनी स्वतःच्या हाताने बांधता येईल असा सुटसुटीत अंबाडा घालावा. त्याचं नाव सोकुहात्सु. तिन्ही मुद्दे खरे. तरी बायकांचे केस बायकांनी कसे बांधावेत हे सांगायला दोन पुरुष लागले, याची मजा वाटली. पुढे रशियाशी युद्ध झालं तेव्हा एका उंच अंबाड्याला लोकांनी २०३ मीटर टेकडीचं नाव दिलं, जिथे हजारो जवान पडले होते. ते ऐकल्यावर मात्र कसंसंच झालं.

सगळ्यात शेवटी मैकोच्या रचना. मैको म्हणजे शिकाऊ, गेइको म्हणजे शिकून झालेली (क्योतोत गेइशाला गेइको म्हणतात). नवख्या मैकोची रचना वारेशिनोबु, गाठीत लाल ठिपक्याठिपक्यांचं रेशीम दिसतं. दोनतीन वर्षं गेली की ओफुकु. मैकोपणाचे शेवटचे काही दिवस साक्को, आणि मग स्वतःचे केस मोकळे, त्यापुढे टोप. म्हणजे डोक्यावरूनच कळतं, कोण कितवीत आहे. रेशमी फुलांचे लोलकही महिन्यावार ठरलेले. सप्टेंबरात निळसर किक्यो, डिसेंबरात काबुकी नटांची सही घ्यायच्या इवल्या पाट्या, जानेवारीत भाताची लोंबी आणि डोळा नसलेलं कबुतर. तो डोळा आवडत्या माणसाकडून रंगवून घ्यायचा. आमच्या सीझनला बारा महिने एकच मोगऱ्याचा गजरा, तोही हल्ली प्लॅस्टिकचा.

एक सांगते. गिओनच्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका. पाट्या लावल्यात, दहा हजार येन दंड. मैको दिसली म्हणून तिच्या वाटेत फोन धरून उभे राहणारे आपले दोघंतिघं तिथे भेटले. मी ओळख दाखवली नाही.

तिसरा दिवस, मंगळवार

सकाळी शिजो रस्त्यावर. जुसान्या हे कंगव्यांचं दुकान १८७५ चं. नावाचा अर्थ ‘तेरावालं’. जपानीत कंगव्याला कुशी म्हणतात. कु म्हणजे नऊ, शी म्हणजे चार. पण कु म्हणजे यातनाही, आणि शी म्हणजे मरणही. ते अभद्र तोंडी येऊ नये म्हणून नऊ अधिक चार, तेरा. दिवा ‘वाढवतो’ म्हणणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही.

त्सुगेच्या पिवळट लाकडाचे कंगवे. हातात घेतला तर गार नाही, गरम नाही, लोणी. केसांत वीज धरत नाहीत. पाणी लावायचं नाही, कॅमेलियाच्या तेलात मुरवायचा आणि पुसायचा, मग नातीपर्यंत टिकतो. तळहाताएवढ्याची किंमत दहा हजार येनांच्या पुढे. मी ठेवून दिला, परत उचलला, परत ठेवला. पुढे काझुरासेई नावाचं १८६५ पासूनचं दुकान आहे, तिथून तेलाची बाटली घेतली. वास जवळजवळ नाहीच. आपल्या ब्राह्मी-आवळ्याची सवय असलेल्या नाकाला फसवल्यासारखं वाटतं.

दुपारी अराशियामाला. लोक बांबूच्या बनात जातात, तिथून थोडं पुढे तळ्याकाठी मिकामी देऊळ आहे, केसांच्या देवाचं. देव म्हणजे फुजिवारा मासायुकी. तेराव्या शतकात त्याचे वडील राजाची हरवलेली तलवार शोधत शिमोनोसेकीला गेले, आणि पोट भरायला हा मुलगा केस बांधायला लागला. म्हणून तो जपानातल्या सगळ्या न्हाव्यांचा आणि केशकारांचा मूळपुरुष. केशकाराच्या सरकारी परवान्याची परीक्षा देणारी पोरं इथे नवस बोलून पाट्या टांगतात, शेजारी टक्कल पडणाऱ्यांचे नवस. पुजाऱ्याने माझ्या केसांचं टोक कात्रीने बोटाच्या पेराइतकं कापलं, पाकिटात घालून प्रार्थना केली. हजारो डोकी मी कापली आहेत, पण कुणी माझ्या केसांपुढे मान लववून कापलं नव्हतं. मला वाटलं हसू येईल. आलं नाही.

क्योतोत फिरायला भुयारी रेल्वे आणि बस दोन्हींचा दिवसाचा पास १,१०० येनांना मिळतो, तो घ्या. शाकाहारी असाल तर ‘दाशी’ हा शब्द पाठ करा. ते माशाचं पाणी असतं आणि ते निरागस दिसणाऱ्या प्रत्येक वाटीत असतं. मी तिसऱ्या दिवशी विचारणं सोडून दिलं आणि यात्सुहाशी या दालचिनीच्या मिठाईवर राहिले.

रात्री लेकीने एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी राजकन्येला इसेच्या देवळात सेवेला पाठवत. निघताना राजा स्वतः तिच्या केसांत कंगवा खोवायचा आणि म्हणायचा, राजधानीकडे परत वळू नकोस. निरोपाचा कंगवा. “म्हणून इथे कंगवा कुणी कुणाला देत नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “दिलाच तर कंगवा म्हणायचं नाही, आकडा म्हणून द्यायचा.” मी दिवा मालवला.

चौथा दिवस, बुधवार

क्योतोहून नागोया, तिथून किसोच्या खोऱ्यात जाणारी शिनानो गाडी, किसो-फुकुशिमाला उतरून लोकल, याबुहारा. उतरल्या उतरल्या थंड वारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठीला ओढणी घेतली. याबुहारा जुन्या नाकासेन्दो मार्गावरचा ३५ वा मुक्काम. इथे ओरोकुचे कंगवे होतात. ओरोकु नावाच्या मुलीचं डोकं सतत दुखायचं. तिने ओन्ताके पर्वताला साकडं घातलं. देवाने सांगितलं, मिनेबारीच्या लाकडाचा कंगवा कर आणि सकाळ-संध्याकाळ विंचर. डोकं थांबलं. दंतकथाच, पण गाव त्यावर शेकडो वर्षं जेवलं.

मिनेबारी भयंकर टणक. दुकानातल्या बाईने लहान कंगवा हातावर ठेवला तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “अगं, ही तर फणी!” नऊ-दहा सेंटिमीटरमध्ये शंभराच्या आसपास दात. एदो काळात बायका महिन्यातून एखाद्या वेळी केस धूत. मधल्या दिवसांत कोंडा, धूळ, उवा काढायला हीच. आजीच्या मांडीवर उन्हात डोकं ठेवून फणीने ओढून घेतलेलं सगळं एका क्षणात आठवलं, कचकच आवाजासकट. क्योतोचं त्सुगे देखणं आहे. हे कामाचं आहे. मी दोन घेतले.

गावात गोहेइमोची खाल्ली. काठीला थापलेला भात, वर अक्रोडाचं खमंग गोड-खारं वाटण, निखाऱ्यावर भाजलेलं. चार दिवसांत पोटभर जेवले ते इथे. तोरीई खिंडीतून नाराईपर्यंत चालत जाता येतं, सहा-सात किलोमीटर. वाटेवर अस्वलांना हाकलायला घंटा टांगल्यात. माझ्या मानेने आणि गुडघ्याने मत दिलं नाही.

परतताना एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. लोकलचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. आमच्या डोळ्यांसमोर गाडी गेली, पुढची तासाभराने. फलाटावर आम्ही दोघीच. रुळांपलीकडे लाल हिगानबानाची फुलं फुललेली. माझं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी पिशवीतून एक कंगवा काढला आणि पुढे केला. लेक हसली. “आकडा म्हण.”

“आकडा.”

तरी तिने हात पुढे केला नाही. मी बाकावर ठेवायला गेले, मीठ-कात्री ठेवतात तसा. तर म्हणाली, पडलेला कंगवा उचलणंही इथे वाईट धरतात. “मग काय करू गं आता?”

ती माझ्याकडे पाठ करून बाकावर बसली. केस खांद्यापर्यंतच, इकडे आल्यावर कापलेले. मी कडेची एक बट धरली आणि कंगवा लावला. दात फारच बारीक, पहिल्याच ओढीत अडकला.

“आई, हळू.”